भैरूनं दरवाजा काहून लावला?

जगातलं प्रत्येक थोर प्रेम एखाद्या थोर नैतिक प्रश्नाच्या पोटी जन्माला येतं. प्रणाली बोंडेचं प्रेम लॅपटॉपच्या पंख्यात अडकलेल्या केसांच्या गुंतवळीतून जन्माला आलं.

लॅपटॉप तिचा, केसही तिचेच. अमरावतीत राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं ती गुंतवळ चिमट्यानं बाहेर ओढली, दुकानातल्या झाडून सगळ्यांना दिसेल अशी उजेडात धरली आणि "हे पाहा" एवढंच म्हणाला. प्रणालीनं समोरच्या कॅलेंडरवरच्या तिथी वाचायला सुरुवात केली. दुरुस्तीवाल्यानं बटण दाबलं. पंखा गुणगुणला, पडदा उजळला आणि तिनं जिथं सोडला होता तिथून गेम सुरू झाला.

बर्फाची खिंड. खिंडीत एक कानतुटका माणूस मान खाली घालून उभा. त्याच्या पायाशी दोन ओळी — 'त्याला सोबत घ्या' आणि 'त्याला हाकलून द्या'. दुसरी ओळ लाल झाली होती.

"मॅडम," मागून आवाज आला, "तुमी भैरूले हाकलून राहिल्या?"

प्रणाली वळली. एक उंच, काटकुळा तरुण बिघडलेला कीबोर्ड काखेत मारून उभा होता. स्वेटरच्या लोकरीत मुगाचे दोन दाणे अडकले होते आणि त्यांची त्याला कल्पना नव्हती. डोळे मात्र असे दुखावलेले, जणू खिंडीत उभा असलेला इसम त्याचा सख्खा काका.

"तुम्हाला काय करायचं आहे?"

"मले काही नाही. पण मानूस निर्दोष आहे."

"निर्दोष? किल्ल्यातली सगळी माणसं मेली!"

"आन तुमी वाचल्या ना?"

"मी म्हटलं होतं त्याला वाचव म्हणून?"

दुरुस्तीवाला दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. "पंखा चालू झाला," तो म्हणाला. "तुमचं बाकीचं बाहेर जाऊन चालू द्या."

बाहेर जानेवारीतला अवकाळी पाऊस भुरभुरत होता, भिजवण्याइतका नाही, थांबवण्याइतका मात्र नक्की. दोघं गिलावड्याच्या गाडीच्या ताडपत्रीखाली गेले आणि त्यांनी वड्यांची एकेक प्लेट घेतली. एकाच ताडपत्रीखाली उभं राहून दोन वेगवेगळ्या दिशांना पाहणं फार वेळ जमत नाही.

ज्या वाचकांचं बालपण विटीदांडूत वाया गेलं, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेमचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. त्यात खेळणारी व्यक्ती असते वैदू. तिच्यासोबत असतो बेरूथ नावाचा म्हातारा शिपाई. वऱ्हाडातल्या पोरांनी त्याचा पहिल्याच आठवड्यात भैरू करून टाकला. हा भैरू बोलत नाही. पण मुक्कामाला चूल पेटवतो, वैदूच्या अंगावर घोंगडी टाकतो, आणि बरेच दिवस सोबत चालल्यावर खेळणाऱ्याला तो घरचाच वाटायला लागतो. मग साथीनं ग्रासलेला एक किल्ला येतो. वैदू ठरवतो, इथंच राहायचं आणि आजाऱ्यांना औषध द्यायचं. दुसऱ्या दिवशी भैरू त्याला काहीतरी दाखवायला म्हणून दरवाजाबाहेर नेतो, ढकलून देतो आणि आतून अडसर लावतो. औषधावाचून किल्ला मरतो. वैदू जगतो. अगदी शेवटी भैरू कसाबसा जिवंत परत येऊन खिंडीत उभा राहतो. खुलासा काही करत नाही. सोबत घ्यायचं की हाकलायचं, हे तुमच्यावर सोपवून गेम बनवणारे हात झटकून मोकळे होतात.

"त्यानं वैदूवर जीव लावला होता," काटकुळा म्हणाला. "म्हनून केलं."

"जीव लावणाऱ्यानं विचारायचं असतं."

"आग लागल्यावर कोनी इचारत बसते काय?"

"आग नव्हती लागली. सकाळचे पोहे खायला वेळ होता त्याला."

तो हसला. हसताना त्याचा एक गाल दुसऱ्यापेक्षा थोडा आधी हसतो, हे प्रणालीनं पाहिलं, आणि आपण हे का पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडून तिनं हिरव्या मिरचीचा मोठा तुकडा चावला. पुढची काही मिनिटं नैतिक चर्चा स्थगित राहिली. तो धावत जाऊन पाणी घेऊन आला. पाणी आणताना त्यानं 'आणू का' असं विचारलं नव्हतं, हा मुद्दा तिच्या लक्षात आला होता. पण जीभ कामातून गेली होती.

त्याचं नाव नितेश चोपडे. गाव बार्शीटाकळी, घरची माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची शेती. अकोल्यात एका बियाणे कंपनीच्या तपासणीखोलीत तो दाणे भिजत घालून त्यांतले किती उगवतात ते मोजायचा. प्रणाली वरूडची, संत्र्याच्या बागेतली. अमरावतीत एका शिकवणीवर्गाच्या ऑफिसात पालकांचे फोन घ्यायची आणि दिवसभर एकच वाक्य वेगवेगळ्या आयांना सांगायची: मुलगा हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही.

त्यानंतर नितेशला अमरावतीत दर शनिवारी काम निघू लागलं. कधी कीबोर्ड बिघडायचा, कधी माऊस. एका शनिवारी तर काहीच बिघडलं नव्हतं, तेव्हा त्यानं बडनेऱ्यापर्यंतच्या प्रवासात चार्जरची वायर स्वतःच तोडली. हे त्यानं लग्नानंतर पुष्कळ उशिरा कबूल केलं. पण ते पुढचं.

दोघं छत्री तलावाच्या काठावर बसायचे. आजूबाजूला बसलेली जोडपी हळू आवाजात पुढच्या आयुष्याबद्दल बोलत असायची. ही दोघं मोठ्या आवाजात एका कानतुटक्या म्हाताऱ्याबद्दल बोलत असायची. शेंगदाणेवाल्याचा असा समज झाला होता, की भैरू हा मुलीचा चुलता असून त्यानं शेताच्या वाटणीत घोळ केला आहे. तो प्रणालीच्या बाजूनं होता.

एका शनिवारी प्रणाली पुरावा घेऊन आली.

"मी तो दिवस पुन्हा खेळले," ती म्हणाली. "सकाळपासून. दरवाजापाशी जाण्याआधी वैदूची झोळी उघडून पाहिली. भैरूनं शिदोरी बांधून ठेवली होती. किती जणांची, माहीत आहे?"

"किती?"

"एकाची."

नितेशच्या हातातला शेंगदाणा तोंडापर्यंत जाता जाता थांबला.

"म्हणजे सकाळीच ठरलं होतं," ती पुढं म्हणाली. "रोजच्यासारखं चहापाणी केलं, सोबत चालला... आणि पोटात हे. दिवसभर!"

तो तलावाकडे वळला.

"मंग तं प्रेम जास्तच झालं ना," तो हळूच म्हणाला. "दिवसभर बाजूनं चालाचं... आन मालूम असाचं, का आजचाच दिवस आहे."

"प्रेम होतं तर सांगितलं असतं."

"सांगतलं असतं तं तू गेली नसती."

वैदू गेला नसता, असं त्याला म्हणायचं होतं. 'तू' दोघांनाही ऐकू आलं. प्रणालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. नितेशनं तो थांबलेला शेंगदाणा एकदाचा खाल्ला, सालासकट.

"मी नसतेच गेले," ती म्हणाली. "मले कोनी ढकललेलं चालत नाही."

त्या दिवसापासून तिची पुस्तकी भाषा गेली, आणि 'तुमी'ही गेलं.

भैरूच्या अपराधावर प्रणालीनं एक लांब लेख लिहिला आणि तो गेमवेड्या लोकांच्या एका संकेतस्थळावर टाकला. तो पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं वाचला. गोष्टीतली पात्रं खरी वाटतात की नाही, हे तपासायला त्यांना माणूस हवा होता. व्हिडिओवर मुलाखत झाली. तिनं त्यांच्या नव्या गेमच्या नायकाबद्दल मत दिल्यावर तिकडचे गृहस्थ जरा सावरून बसले आणि त्यांनी विचारलं, "तुम्हाला राग आला आहे का?"

"नाही," प्रणाली म्हणाली. "मी वरूडची आहे."

नोकरी मिळाली. एक तारखेला हजर व्हायचं होतं.

तिनं ही बातमी नितेशला गिलावड्याच्या त्याच गाडीपाशी सांगितली. सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. आधी कोणता गाल हलतो ते. कोणताच हलला नाही.

"जा," तो म्हणाला.

"इतक्या लवकर?"

"मंग काय. अशी संधी येते काय घडीघडी? जा तू. मस्त काम आहे."

शब्द सगळे बरोबर होते. अभिनंदनाच्या बॅनरवर असतात तसे. तिला वाटलं, तो आणखी काहीतरी बोलेल... तो चटणी जास्त तिखट आहे म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी त्याला काम निघालं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग एके दुपारी फोन आला.

"एक सांगाचं होतं," नितेश म्हणाला. "घरचे सोयरीक पाहून राहिले. पोरगी मूर्तिजापूरची आहे. पाव्हणे येऊन गेले. मले... पसंत आहे."

"बरं," प्रणाली म्हणाली.

"तू पुन्याले नीट राहा."

"बरं."

फोन ठेवल्यावर आपण रडलो नाही, असं प्रणालीचं म्हणणं आहे. तिच्या खोलीत राहणाऱ्या आरतीचं म्हणणं वेगळं आहे. पण त्या दिवशी आरती कांदे चिरत होती, त्यामुळे तिची साक्ष धरता येत नाही.

दोन दिवस प्रणालीनं पालकांना सांगितलं, की मुलगा अभ्यास करतो, फक्त हुशार नाही. तिसऱ्या दिवशी कपडे बॅगेत भरता भरता ती एकदम थांबली. त्या फोनमध्ये काहीतरी खटकत होतं. दुःखाचा भाग सोडला तरी खटकत होतं. पाव्हणे येऊन गेले, आणि तिला कुणाकडूनच कळलं नाही?

नितेशनं इथं एक अशी चूक केली होती, जी बाहेरच्या माणसाला चूक वाटणारही नाही. मुंबईत कुणी सांगितलं की माझं लग्न ठरलं, तर लोक अभिनंदन करून जिना उतरतात. वऱ्हाडात खून लपेल, सोयरीक लपत नाही. पोरगी पाहायला निघालेली जीप गावाची वेस ओलांडायच्या आत पलीकडच्या तालुक्यात मुलाचा पगार, मुलीची उंची आणि मामाचं व्यसन पोचलेलं असतं. आपल्याकडे खोटं बोलायला हजार विषय मोकळे आहेत. नितेशनं नेमका तो निवडला, ज्याची चौकशी हा इथला सार्वजनिक धंदा आहे.

प्रणालीची मावशी पार्वताबाई बार्शीटाकळीतच राहत होती. प्रणालीनं फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चोपड्याइच्या इथं पाव्हणे?" मावशी म्हणाली. "कोन सांगतलं तुले?"

"असंच कानावर आलं. मूर्तिजापूरचे म्हने."

"हट्! मूर्तिजापूरचं कुत्रंही नाही आलं. अवं, मी काय मेली काय इथं? त्याइच्या घरी पोहे शिजले का मले फोडनीचा वास येते. पोराची माय तं उलटी मले इचारत होती, पोरगं सुकून चाललं, जेवत नाही, कोनाची नजर तं नाही ना लागली." मावशी थांबली. मावशी जेव्हा थांबते तेव्हा ती विचार करते, आणि ती विचार करते तेव्हा जिल्ह्यानं सावध असावं. "काहून वं पोरी? तू काहून इचारून राहिली?"

"काही नाही मावशी. रेंज जाते आहे."

रेंज उत्तम होती.

बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी सुटली तेव्हा प्रणाली रागानं काठोकाठ भरलेली होती, आणि त्या रागाखाली एक लाजिरवाणा आनंद होता. त्याला ती वर येऊ देत नव्हती. तिनं भाषण तयार केलं. तो म्हणेल, मी तुझ्या भल्यासाठी केलं. त्यावर ती काय म्हणेल. तो म्हणेल, तू माझ्यासाठी अडकू नये म्हणून. त्यावर ती काय म्हणेल. एकेका उदात्त कारणाला तिनं तडाखे नेमून ठेवले. मूर्तिजापूर स्टेशन आलं, तेव्हा तिनं फलाटावरच्या प्रत्येक तरुण मुलीकडे जळजळीत नजरेनं पाहिलं. ती मुलगी अस्तित्वात नाही, हे तिला माहीत होतं. तरीही पाहिलं.

तपासणीखोलीत ओल्या रेतीचा आणि कोवळ्या मोडांचा वास होता. दारात तिथल्या कामगार माणिकबाई पोती शिवत बसल्या होत्या.

"साहेब मूग मोजून राहिले," त्या म्हणाल्या. "मोजताना बोलत नाहीत."

"आज बोलतीन," म्हणून प्रणाली आत गेली आणि दाराजवळच्या एका लोखंडी पाटावर पाय रोवून उभी राहिली.

नितेश ट्रेवर वाकला होता. खरंच सुकला होता. त्यानं वर पाहिलं आणि हातातला चिमटा तसाच राहिला.

"तू... इथं?"

"मूर्तिजापूरची कशी आहे?"

"कोन?"

"तुही पसंती."

"हां, ते... चांगली आहे. शांत आहे."

"राहीनच. जे मानूस नसतेच, ते शांतच राह्यते."

चिमटा खाली ठेवला गेला.

"कोनी सांगतलं?"

"पार्वता मावशीनं. तुमच्या फोडनीचा वास घेऊन."

नितेशनं डोळे मिटून घेतले. पार्वताबाईंचं घर आपल्या घराच्या पाठीला पाठ लावून आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्या कुणाच्या मावशी आहेत, हे ठाऊक नव्हतं.

"मी तुह्या भल्या—"

"ते नको. ते मले पाठ आहे, येताना पुरं पाठ केलं. खरं सांग. काहून केलं?"

त्यानं एक दाणा बोटांत धरला, फिरवला. सांगायला इतका वेळ घेतला, की तिला वाटलं आता तो भैरूसारखाच मान खाली घालून उभा राहणार.

"मले वाटलं, मी काही नाही म्हनलं तं तू थांबशीन. माह्यासाठी."

"आन?"

"आन तू थांबली असती ना... तं मले लय आनंद झाला असता." त्यानं वर पाहिलं. "त्याचंच भेव वाटलं."

प्रणालीचे सगळे तडाखे उदात्त कारणांसाठी होते. याच्यासाठी तिच्याकडे काहीच नव्हतं.

"आन मी थांबली नसती तं?" तिचा आवाज तिला नकळत उतरला.

"त्याचंही भेव होतं."

"म्हनजे दोन्हीकून?"

"दोन्हीकून. मंग मीच लावला दरवाजा. लावनाऱ्याले उत्तर आयकावं नाही लागत."

इतके शनिवार दोघं भांडले होते. तो म्हणायचा प्रेम, ती म्हणायची दगा. भैरूला नुसतं भेव वाटलं असेल, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. भैरूनं 'चल' म्हटल्यावर वैदू 'राहतो' म्हणाला असता तर त्याचं मरण पाहावं लागलं असतं; 'येतो' म्हणाला असता तर किल्ला सोडून जगणारा वैदू पाहावा लागला असता. अडसर लावला, की दोन्ही उत्तरं बाहेर. ज्या लेखावर पुण्याची नोकरी मिळाली, त्यात या गोष्टीचा मागमूस नव्हता. क्षणभर तिला वाटलं, नोकरी प्रामाणिकपणे परत करावी लागते की काय.

"दान्याले तं तू बरोबर इचारतं," ती शेवटी म्हणाली. "पानी घालतं, आठ आठ दिवस वाट पाह्यतं, का बाबा उगवतं का नाही. मले एकडाव तरी इचारून पाह्याचं होतं."

"आता इचारू?"

"इचार."

नितेश ट्रेला वळसा घालून तिच्यासमोर आला. हात पुसायला रुमाल सापडला नाही, म्हणून पँटला पुसले.

"पुन्याले जाशीन?"

"जाईन."

ती हे एका दमात बोलली. त्याचा चेहरा हलला. पण त्यानं तो फिरवला नाही. उत्तर जसं आलं तसं उभं राहून ऐकलं. प्रणालीनं ते पाहिलं, आणि गाडीत दाबून ठेवलेलं जे काही होतं ते हळूहळू वर यायला लागलं.

"आन..." तो म्हणाला, "माह्यासंग लग्न करशीन?"

"तू अकोल्यात, मी तिथं. चालन तुले?"

"नाही चालनार. जीव जाईन. पन करशीन काय?"

हे उत्तर सगळ्यात कमी उदात्त होतं. ते तिला सगळ्यात जास्त आवडलं.

"करीन," ती म्हणाली.

त्याचा एक गाल आधी हसला, मग दुसरा.

"तुह्या बाबाले कोन सांगन? संत्रावाले तुमी, आमी माळवंवाले..."

"बाबाले मी सांगीन. तू फक्त एक कर. मी सांगाच्या आधी, माह्या भल्यासाठी म्हनून, त्याइले नकार देऊन येऊ नको."

तो मोठ्यानं हसला, आणि हसता हसताच त्यानं तिचा हात धरला. बोटं गार होती, ओल्या रेतीची खरखर त्यांना होती. खिडकीतून उतरतं ऊन ट्रेवर आलं. रांगेनं उगवलेले मोड माना वर काढून उभे होते. प्रणालीला वाटलं, हे ऊन, हा वास आणि ही गार बोटं घेऊन आता कुठंही जावं... पुणं काय, कुठंही.

दारात कुणीतरी खाकरलं. माणिकबाई पाठीवर भरलेलं पोतं घेऊन केव्हाच्या वाकून उभ्या होत्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमचं पक्कं झालं असन, तं जरा त्या वजनकाट्यावरून खाली उतरता काय? मले पोतं तोलाचं आहे."